शेजारच्या कपाशीवर तणनाशक जाऊ नये म्हणून फवारणी कशी करायची

दोन वर्षांपूर्वी आमच्या कपाशीची पानं भेंडीसारखी लांबट, चिरल्यासारखी झाली, आम्हाला वाटलं रोग आलाय, दोन फवारण्या वाया गेल्या आणि मग कळलं की शेजारच्या मक्यात २,४-डी हे तणनाशक मारलं होतं ते वाऱ्याने इकडे आलं. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो या औषधाला फार नाजूक. शेजाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं, त्याला माहितीच नव्हतं, म्हणून लिहितोय.

आधी लेबल वाचा. २,४-डीचा इथाइल इस्टर हा प्रकार असेल तर ते मारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन उडतं, म्हणजे सकाळी वारा नव्हता तरी दुपारी शेजारी पोचू शकतं. अमाईन सॉल्ट या दुसऱ्या प्रकाराची वाफ खूप कमी होते. जवळ कपाशी असेल तर इस्टर नकोच.

मग वारा बघा. मूठभर सुकी माती वरून सोडा, ती कपाशीकडे जात असेल तर त्या दिवशी पंप उचलू नका. वाऱ्याचा वेग ताशी १५ किमीच्या वर गेला तरी बंद. आणि पहाटे एकदम शांत असतं ती वेळ बेस्ट असं खूप जण म्हणतात, पण धूर जमिनीलगत आडवा पसरून राहिलाय असं दिसलं तर वर गरम आणि खाली थंड हवा असते, बारीक थेंब खाली बसतच नाहीत, तरंगत लांब जातात. ऊन पडून धूर वर जायला लागला की सुरू करा.

कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल काढून कट नोझल (पट्टीसारखा सपाट फवारा देणारं) लावा, प्रेशर कमी ठेवा, हूड म्हणजे नोझलभोवतीचं झाकण लावा, नोझल तणाच्या जवळ धरा. जितका थेंब बारीक तितका तो लांब जाणार.

पाण्याचंही तेच. अॅट्राझीन हे तणनाशक पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत उतरतं, सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक मातीला चिकटून मातीबरोबर ओढ्यात जातं आणि मासे मारतं. पाऊस येणार असेल तर थांबा, ओढ्याच्या कडेचं गवत राहू द्या.

रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, विहिरीवर पंप धुऊ नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, कारण तळाशी राहिलेल्या थोड्याशा २,४-डीनेही पुढच्या फवारणीत स्वतःचीच कपाशी जाते. आम्ही आमच्या पंपावर लाल पेंटने ‘तण’ लिहून ठेवलंय.