चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर घ्यायचे असल्यास

चिकुनगुन्याचा ताप आठवडाभरात उतरतो, परंतु मनगटे, बोटांची पेरे आणि घोटे पुढे कित्येक महिने धरलेले राहतात. तासगावकडे द्राक्षांची फळछाटणी तोंडावर आलेली असते आणि कात्री दाबायला मूठच वळत नाही. अशा वेळी कोणीतरी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा उपचार, सुचवते. हा उपचार घेण्यास हरकत नाही, मात्र तो दुखणे हलके करण्यासाठी आहे, हे मनाशी पक्के करूनच जावे. जुनाट गुडघेदुखी किंवा कंबरदुखीत काहींना त्याने आराम पडल्याचे अभ्यासांत दिसते. विषाणुजन्य तापानंतरच्या सांधेदुखीबाबत आणि थकव्याबाबत पुरावा अजून तोकडा आहे.

आधी तपासणी, मग सुया. सकाळी सांधे तासभर आखडत असतील किंवा तीन महिन्यांनंतरही सूज हटत नसेल, तर संधिवाताच्या रक्ततपासण्या सांगलीत किंवा मिरजेत करून घ्याव्यात, कारण त्या आजारात औषधे लांबवली तर सांधे कायमचे बिघडू शकतात. कोविडनंतर दम लागणे वा छातीत दुखणे राहिले असेल, तर हृदय आणि फुप्फुसे तपासल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

उपचारकाची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. सुयांचे सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले गेले पाहिजे आणि वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या गेल्या पाहिजेत. या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, मधुमेहामुळे आलेला पायांचा बधिरपणा हे सारे आधीच सांगावे. सुयांना वीजप्रवाह जोडणार असतील, तर पेसमेकर असल्याचे सांगणे अत्यावश्यक आहे.

उपाशीपोटी जाऊ नये, आणि पहिल्या वेळी आडवे पडूनच सुया घ्याव्यात, म्हणजे भोवळ आली तरी इजा होत नाही. सुई केसासारखी बारीक व भरीव असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. साधारण वीस ते तीस मिनिटे सुया तशाच ठेवतात. किंचित रक्त येणे वा काळानिळा डाग पडणे किरकोळ आहे, परंतु छातीवर किंवा खांद्यावर सुया घेतल्यानंतर धाप लागली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा, कारण फुप्फुसाला छिद्र पडण्याची क्वचित शक्यता असते. ज्यांना थोड्या श्रमानेही दोन दिवस अंथरूण धरावे लागते, त्यांनी एसटीच्या धक्क्यांचाही हिशेब धरावा आणि दुसरा दिवस मोकळा ठेवावा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

पहिल्या सुईपूर्वी एका वहीत रोजचे एखादे काम लिहून ठेवावे: कणीक किती वेळ मळता येते, कात्रीने किती काड्या छाटता येतात. सहा सिटिंगनंतर ती वही उघडावी. आकडा हललेला नसेल, तर तोच पैसा आणि त्याच खेपा फिजिओथेरपीकडे वळवाव्यात.