वीतभर ट्रायपॉड, तरीही हललेला फोटो: या चुका टाळा

सप्टेंबरात कास पठारावर सीतेची आसवं ही चिमुकली रानफुलं फुललेली असतात. उभ्याने फोटो काढला की फुलामागे लगेच चिखल आणि गवत येतं. लेन्स फुलाच्या उंचीला आणली की मागचं पठार लांब जातं, धूसर होतं आणि फूल सुटं दिसतं. छोटा ट्रायपॉड लागतो तो यासाठी. पण मोठ्या ट्रायपॉडचं पिल्लू समजून तो वापरला की फोटो बिघडतात.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढच्या वजनाचा. साधारण ६५० ग्रॅमची बॉडी आणि तेवढ्याच वजनाची १०० मिमी मॅक्रो लेन्स, म्हणजे सव्वा किलोच्या वर ओझं, आणि त्यातलं बरंचसं ट्रायपॉडच्या स्क्रूच्या पुढे लोंबतं. खोक्यावर '२ किलो' छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तिन्हींपैकी एक पाय नेमका लेन्सच्या खाली, पुढच्या दिशेने ठेवा. दोन पाय पुढे आणि एक मागे असला की कॅमेरा त्या दोन पायांच्या मधून नाकावर आपटतो. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) असेल तर बॉडीऐवजी तीच प्लेटवर, म्हणजे ट्रायपॉडवर बसणाऱ्या पट्टीवर, लावा.

यातच दुसरी कटकट दडलेली आहे. बॉल-हेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा गोळ्याचा सांधा) आवळून हात काढला की फ्रेम किंचित खाली बसते. १:१ मॅक्रोला (म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटते तेव्हा) फुलफ्रेम सेन्सरवर फक्त २४ मिमी उंचीचं दृश्य मावतं, त्यामुळे १ मिमीची घसरणही लगेच दिसते. फ्रेम जराशी वर धरून आवळा, हात सोडा, मग पाहा. हेड पुरेसं आवळूनही कॅमेरा प्लेटवर गोल फिरत असेल, तर दोष प्लेटखालच्या १/४ इंची स्क्रूचा असतो. तो नाण्याने घट्ट करा.

मधला दांडा असलेला ट्रायपॉड पाय पूर्ण फाकवूनही खाली जात नाही, कारण दांडा आधी जमिनीला टेकतो. दांडा काढता येतो की नाही, किंवा आखूड दांडा मिळतो का, हे विकत घेतानाच पाहावं. दांडा उलटा लावून कॅमेरा खाली टांगायची युक्ती सांगितली जाते. करून पाहा, पण बटणं उलटी होतात आणि ट्रायपॉडचे पाय फ्रेममध्ये डोकावतात.

वाकणाऱ्या, मणक्यांसारख्या सांध्यांच्या पायांचा ट्रायपॉड फांदीला गुंडाळायला झकास. जमिनीवर मात्र तो स्प्रिंगसारखा थरथरतो. तो वापरायचाच तर पाय आखूड दुमडून बाहेर पसरवा आणि २ ऐवजी १० सेकंदांचा टायमर लावा.

पावसाळी मातीत रबरी पाय हळूहळू रुततात, म्हणून सुरुवातीला नीट असलेला फोकस पाच मिनिटांनी सरकलेला सापडतो. फ्रेम ठरवण्याआधीच तिन्ही पाय हाताने दाबून घ्या. माती फारच भुसभुशीत असेल तर प्रत्येक पायाखाली बरणीचं झाकण ठेवा. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर उलट होतं, तिथे पाय घसरतात. शेवाळ खरवडू नका, कोरडा खडक शोधा.

हे सगळं जमूनही फूल हलतंच, कारण ट्रायपॉड कॅमेरा थांबवतो, वारा नाही. वारं असेल तर शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना) चढवा, वाऱ्याच्या बाजूला उघडी छत्री आडवी ठेवा. वारं पडलं की आयएसओ उतरवा. १/३० ते १/२ सेकंदाच्या पट्ट्यात डीएसएलआरच्या आरशाचा धक्का सगळ्यात जास्त जाणवतो. तिथे मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू (आरसा वर ठेवून स्क्रीनवर पाहणं) हवाच. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा, नाहीतर ते नसलेला कंप शोधत बसतं.

ट्रायपॉड आहे म्हणून एफ/२२ (लेन्सचं अगदी बारीक छिद्र) लावणं ही हौसेने केलेली चूक. १:१ ला प्रत्यक्ष छिद्र दुप्पट आकड्याचं होतं: एफ/११ लावलं की ते एफ/२२ सारखं वागतं. एफ/११ ला फोकसची खोली जेमतेम १.३ मिमी मिळते हे खरं, पण त्यापुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ दिसू लागतं. कॅमेरा फुलाला समांतर धरा, स्क्रीनवर दृश्य मोठं करून हातानेच फोकस करा.

कधी कधी ट्रायपॉडच नको. किलोभर मका किंवा चवळी भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून लेन्स तिच्यात रुतवली की झटपट काम होतं. पावसात दाणे फुगतात, म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी हवी.

पाय रोवण्यापूर्वी खाली काय आहे ते बघा. आसवांची आणि गेंदाची रोपं पातळ मातीत, पाण्याच्या थरात उभी असतात, एक पाय चुकला तरी डझनभर चिरडतात. अशा जागी उघडा जांभा सोडून कुठे टेकू नका. हद्द आखलेली असेल तर लांब फोकल लेंथची लेन्स घेऊन बाहेरूनच काढा. कोकणातल्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) आडवं होण्याआधी आसपासच्या दगडांखाली काठी फिरवा. फुरसं हा विषारी साप तिथेच असतो.

घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून साध्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. पायांच्या कुलपांत (लांबवलेला पाय आवळायच्या जागी) अडकलेली वाळू पुढच्या खेपेला पाय घट्ट होऊ देत नाही.