टीव्ही, बॉक्स, साउंडबार, पंखा: एका रिमोटवर आणायचं कसं

रिमोट घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी फोन काढायला लावतो. फोनचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा चालू करायचा, घरातल्या एकेका रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरायचं आणि कुठलंही बटन दाबून ठेवायचं. फोनच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर तो रिमोट इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा. सेल नवे घालूनही ठिपका नाही, पण यंत्र मात्र ऐकतंय, तर तो ब्लूटूथचा नाहीतर रेडिओचा. मागच्या कॅमेऱ्यावर हे बघत बसू नका. बऱ्याच फोनांत तिथं इन्फ्रारेड अडवणारी काच असते, आणि चांगला रिमोट मेला समजून तुम्ही टाकून द्याल.

बेळगावात शहापूरला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही यायचे. आता पॅनल गेलं की लोक नवीनच घेतात, आणि माझ्याकडे येतात ते रिमोट. वडगाव, खासबाग, अनगोळ, कधी येळ्ळूरहूनसुद्धा. बोलणं ठरलेलं: ‘मामा, चार-चार रिमोट झालेत, आई वैतागलीय. एकावर काय तर करून द्या की.’ करून देता येतं. पण ‘युनिव्हर्सल’ छापलेलं पाकीट उचललं की काम झालं, असं नाही. पाकिटावर टीव्ही, एसी, होम थिएटर सगळ्यांची चित्रं असतात. आत असतो इन्फ्रारेडचा एक बारका दिवा. ब्लूटूथवर चालणाऱ्या यंत्राला त्या दिव्याचं काहीच कळत नाही. म्हणून आधी फोनवर ओळख, मग कागदावर यादी, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

यादीत यंत्रांची नावं लिहू नका, बटनं लिहा. घरात दिवसभर खरोखर दाबलं जातं काय? टीव्ही चालू-बंद, बॉक्स चालू-बंद, आवाज, म्यूट, चॅनेल वर-खाली, आकडे. साउंडबारचं बास-ट्रेबल कुणी दिवाळीत एकदा बदलत असेल. तेवढ्यासाठी त्याचा रिमोट कपाटात राहू दे. सगळ्या रिमोटांची सगळी बटनं एकावर आणायला गेलात तर पन्नास बटनांचा एक रिमोट तयार होतो, आणि तो घरात फक्त बारावीतल्या पोराला चालवता येतो.

आता फुकटात होणारं काम. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट नीट बघा. केबलचा असो की डीटीएचचा, बहुतेकांवर एका कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत टीव्हीची तीन-चार बटनं असतात: पॉवर, आवाज कमी-जास्त, आणि एव्ही किंवा सोर्स. ही बटनं कोरी असतात, ती शिकवायची असतात. केबलवाल्याचा पोरगा बॉक्स लावून जातो, हे सांगत नाही, आणि लोक वर्षानुवर्षं दोन रिमोट वापरत बसतात. त्या चौकटीतलं सेट किंवा सेटअपचं बटन रिमोटचा लाल दिवा लख्ख पेटेपर्यंत दाबून धरा. मग बॉक्सच्या रिमोटवरचं टीव्ही पॉवर एकदा दाबा. दिवा लुकलुकू लागतो. आता टीव्हीचा मूळ रिमोट समोरासमोर धरून त्याचं पॉवर दाबा. दिवा दोन-तीनदा झपझप करून थांबला की शिकला. तसंच आवाजाचं. शेवटी सेट दाबून बाहेर. कंपनीप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण चाल हीच.

दुसरं फुकटचं काम टीव्हीच्या मेनूत लपलेलं असतं. एचडीएमआय केबलमधून चित्र-आवाज जातो तसा हुकूमही जातो. त्या सोयीचं नाव सीईसी. पण मेनूत हे नाव शोधून मिळत नाही, कारण प्रत्येक कंपनीनं आपलं बारसं वेगळं केलंय. सॅमसंगवर अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक, फिलिप्सवर ईझीलिंक. बऱ्याचदा ते बंदच असतं. चालू करा, आणि साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या खाचेवर एआरसी लिहिलंय तिथंच घाला, शेजारच्या खाचेत नाही. मग टीव्हीच्या आवाजाच्या बटनावर साउंडबारचा आवाज हलतो, आणि टीव्ही बंद केला की बारही झोपतो. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीतून हे होत नाही. आणि सेट-टॉप बॉक्स सीईसीला दाद देईलच, अशी आशा धरू नका.

फायर स्टिकचं, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणाऱ्या, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या ॲमेझॉनच्या कांडीचं, उलटं आहे. स्टिकशी तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, म्हणून तिची बटनं दुसऱ्या रिमोटला शिकवता येत नाहीत. पण बहुतेक स्टिकांच्या त्याच रिमोटमध्ये टीव्हीसाठी इन्फ्रारेडचा दिवाही बसवलेला असतो. सेटिंग्जमध्ये इक्विपमेंट कंट्रोल, त्यात मॅनेज इक्विपमेंट, त्यात टीव्ही. तिथं आपली कंपनी निवडली की पॉवर आणि आवाज त्याच रिमोटवर येतात. सीईसी चालू असेल तर टीव्हीच्या रिमोटच्या बाणांनी स्टिकही फिरते. घरात नुसती स्टिक आणि टीव्ही असेल तर तुमचं काम इथंच झालं, माझ्याकडे येऊ नका.

वडगावचं एक घर सांगतो. घरातच यंत्रमाग. माग सुरू असला की टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून साउंडबार घेतलेला. सासूबाईंना मराठी मालिका पाहिजेत म्हणून डीटीएच. थोरल्या सुनेचं माहेर गोकाक, तिला कन्नड, म्हणून केबल. एकूण चार रिमोट, चारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, आणि पिशव्या पुढच्या बाजूला इतक्या पिवळ्या पडलेल्या की दिव्याचा उजेडच बाहेर येईना. पहिल्यांदा त्या पिशव्या काढल्या. मग केबलच्या बॉक्सवर आकडे दाबत वर गेलो तर मराठी चॅनेल त्याच्यातही होते, फक्त लांबच्या नंबरांवर असल्यामुळं तिथंवर कुणी गेलंच नव्हतं. सासूबाईंचे आणि सुनेचे, दोघींचे चॅनेल फेव्हरिटच्या यादीत ओळीनं बसवले. डीटीएचचा बॉक्स उतरवला. साउंडबार एआरसीवर घेतला, सीईसी चालू केलं, आणि केबलच्या रिमोटवरच्या चौकटीला टीव्हीचं पॉवर आणि आवाज शिकवला. केबलचा रिमोट टीव्हीला सांगतो, टीव्ही बारला सांगतो. नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही. ‘मग तुमचं काय, मामा?’ म्हणून सुनेनं चहा दिला.

सासूबाईंचा हात थरथरतो, त्यांचं बोट मेनूवर पडायचं आणि पडद्यावर काहीतरी उघडून बसायचं. त्याला उपाय आहे. सेलच्या खणात स्क्रू असेल तर तो काढायचा, नसेल तर जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेनं रिमोट उघडायचा. आत रबराची चादर असते, प्रत्येक बटनाखाली काळा ठिपका, आणि खाली हिरव्या पाटीवर त्याच्या जोडीच्या काळ्या नाहीतर सोनेरी पट्ट्या. नको असलेल्या बटनाच्या पट्ट्यांवर सेलोटेपचा बारका चौकोन चिकटवा. बटन दबतं, पण काही होत नाही. उद्या टेप काढली की पहिल्यासारखं. उघडलंच आहे तर पाटी आणि काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून घ्या. निम्मे ‘बिघडलेले’ रिमोट एवढ्यावर चालतात. खानापूरकडच्या रिमोटांत पावसाळ्यानंतर सेलच्या स्प्रिंगा हिरव्या झालेल्या दिसतात, त्याही घासा. पॉवरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आणि फेव्हरिटवर दुसऱ्या रंगाचा. इंग्रजी अक्षरं वाचायची गरज राहत नाही.

एवढं करूनही भागलं नाही, तर लर्निंग रिमोट घ्या. तो दुसऱ्या रिमोटाकडून शिकतो, त्याला कंपनीचं नाव कळायची गरज नसते. टीव्हीचा रिमोट प्रकाश सलग पाठवत नाही; सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, आणि त्या तुकड्यांच्या आणि मधल्या थांब्यांच्या लांबी म्हणजेच हुकूम. लर्निंग रिमोट त्या लांबी मोजून लिहून ठेवतो आणि दाबल्यावर जशाच्या तशा परत सोडतो. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकनं १९८७ साली ‘कोअर’ नावाचा असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता, तेव्हा युक्ती काही आजची नाही. शिकवताना दोन्ही रिमोटांत ताजे सेल घाला, दोन-चार बोटांचं अंतर ठेवून तोंडाला तोंड लावून टेबलावर आडवे ठेवा, हातात धरू नका. खिडकीतलं ऊन नको, डोक्यावरची ट्यूब बंद. ऊन आणि काही दिवे त्या मोजणीत कालवाकालव करतात. मूळ बटन एकदाच दाबून सोडा. बोट दाबून धरलं तर स्वस्तातला रिमोट एका दाबाऐवजी पाच दाब शिकतो, आणि मग चॅनेल एक पुढं जायच्या ऐवजी उड्या मारतात.

मूळ रिमोट हरवला असेल तर शिकवायचं कुणाकडून? शाओमी, रेडमी, पोकोच्या बऱ्याच फोनांत वरच्या कडेला इन्फ्रारेड दिवा असतो. फोनमधल्या रिमोटच्या ॲपवर आपल्या टीव्हीची कंपनी निवडून टीव्ही चालतो का बघा. चालला की तो फोनच लर्निंग रिमोटसमोर धरा आणि फोनकडून शिकवा. फोन जातो त्याच्या मालकाबरोबर, रिमोट घरात राहतो.

काही रिमोटांवर एका दाबात टीव्ही, बॉक्स, बार सगळं चालू करायची सोय असते. मी ती लावून देत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी. बहुतेक यंत्रांत चालू आणि बंद यांचा हुकूम एकच असतो. वीज जाऊन आली की कुठला बॉक्स आपोआप चालू होतो, टीव्ही मात्र झोपलेला राहतो. अशा वेळी ते एकच बटन दाबलं की टीव्ही चालू आणि बॉक्स बंद. पुन्हा दाबलं की उलटं. काही टीव्हींत नुसता चालूचा आणि नुसता बंदचा वेगळा हुकूम असतो, पण मूळ रिमोटवर त्याचं बटनच नसल्यामुळं शिकवणार कसा? दोन पॉवर बटनं वेगळी ठेवा.

एसी ह्या सगळ्यात बसत नाही. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर, इथं एसी तसे कमीच. अथणी-चिकोडीकडच्या घरांत जास्त. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला सगळी माहिती एकदम पाठवतो: कूल, २५, पंखा मध्यम, झाप हलती. म्हणून त्याचं अधिकचं बटन शिकवलं तर ते एक-एक डिग्री वाढवत नाही, दर वेळी तेच २५ लावतं. शिकवायचंच तर दोन बटनं शिकवा: एक ‘२६ वर कूल चालू’, एक ‘बंद’. त्याचा संदेश लांब असल्यामुळं स्वस्त लर्निंग रिमोटला तेवढंही पेलत नाही कधीकधी. मूळ रिमोट हरवला असेल तर एसीपुरता युनिव्हर्सल घ्या, एसीसमोर धरून सेट दाबून ठेवा. आकडे पळतात, आणि एसीनं बीप केलं की लगेच सोडा.

नव्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, रिमोटच्या पंख्यांत इन्फ्रारेडवाले असतात ते शिकतात, रेडिओवाले शिकत नाहीत. सुरुवातीची फोनची परीक्षा इथंही लावा. एका हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे किंवा दोन बॉक्स असतील तर एका दाबाला दोघंही हलतात. नको असलेल्याच्या डोळ्यावर, म्हणजे रिमोटचा उजेड घेणाऱ्या काचेवर, काळी टेप लावून तिला सुईनं बारीक भोक पाडा, म्हणजे जवळून नेम धरला तरच ते ऐकेल.

वाय-फायचे आयआर (इन्फ्रारेड) हब मिळतात, फोनवरून किंवा बोलून चालवायचे; हुकूम वाय-फायवरून घेतात आणि इन्फ्रारेडनं यंत्राला सांगतात. ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच जोडतात, आणि त्यांचा प्रकाशही भिंतीपलीकडं जात नाही, म्हणजे खोलीगणिक एक. घरात कायम फोन हातात असलेलं कुणी असेल तरच घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या घरी बटनच बरं.

काम झाल्यावर जुने रिमोट सेल काढून डब्यात ठेवा, पाठीवर पट्टी चिकटवून नाव लिहा. युनिव्हर्सल रिमोटचा कोड नंबर (आपल्या यंत्राच्या कंपनीसाठी त्यात लावलेला आकडा) त्याच्याच सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवा. काही स्वस्त रिमोट सेल बदलताना जास्त वेळ रिकामे राहिले की सगळं विसरतात, तेव्हा नवीन सेल हातात घेऊनच जुने काढा. आणि एक जुना, एक नवा असं घालू नका, दोन्ही एकदम बदला.