आधी कार्डाची मागची बाजू वाचा

ऐतिहासिक वस्तूचा तुकडा बसवलेलं, संग्रहासाठीचं खेळाडूचं कार्ड घेताना समोरच्या चित्राला भुलू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. 'प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या जर्सीचा तुकडा' आणि 'कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंध नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉनरस या कार्ड बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने 2003 मध्ये प्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथची खरी जर्सी कापून कार्डांत बसवली. मला आजही ते हळहळायला लावतं, पण निदान मूळ वस्तू कोणती हे ठाऊक होतं. तुकड्याभोवतीची कड भिंगाने तपासा. गोंदाचा डाग किंवा उचकटल्याची खूण दिसली, तर तुकडा बदललेला असू शकतो. आणि ही कार्डं जाड असतात. साध्या कव्हरात कोंबू नका, कोपरे दुमडतात. जाडी मोजूनच कार्ड ठेवायची डबी घ्या.