बॅटलमध्ये पब्लिक हातातून का जातं? या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या रॅप बॅटल, म्हणजे दोन रॅपरच्या समोरासमोरच्या लढती, होस्ट करताना हरलेल्या पोराचं एक वाक्य ठरलेलं असतं : "लिरिक्स माझेच भारी होते, पण पब्लिक त्याचं होतं." पब्लिक कुणाचं नसतं राजा. आपल्या हातानं घालवलेलं असतं.

सगळ्यात जास्त घालवते ती घाई. पंच, म्हणजे वर्मी बसणारी ओळ, लागला, गलका झाला, तरी पोरगं थांबत नाही. बीट, म्हणजे मागं वाजणारा ठेका, नसलेल्या बॅटलमध्ये थांबायला कुणाची आडकाठी नसते, पण पाठ केलेलं विसरेल या धास्तीनं गाडी सुटलेली असते. मिरजेचा एक गडी होता, समोर तासगावचा. मिरजकरानं टाकलं :

"द्राक्ष म्हणून मिरवलास तू, भाव आला म्हणून हसलास,
एका राउंडचं ऊन लागलं नि बेदाणा होऊन बसलास!"

मागची पोरं खुर्च्यांवर चढली. आणि हा पठ्ठ्या पुढच्या चार ओळी त्या गलक्यातच म्हणून मोकळा! त्यातली एक तर याहून जड होती. मी शेजारी उभा, म्हणून मला ऐकू आली. गलका ओसरला तेव्हा हा भलत्याच विषयात होता, पब्लिकला धागा सापडेना.

तासगावकरानं तोवर तोंड वाकडं केलं नाही, की मान हलवली नाही. गालात हसत पंच खाल्ला, कान मात्र उघडे. पाळी आल्यावर आधी हॉल शांत होऊ दिला, मग सावकाश :

"बेदाणा शेडात वाळतो दादा, उन्हात नाही वाळत,
शेतच ज्यानं पाहिलं नाही, त्याला हे नाही कळत."

बेदाणा शेडवर सावलीत, वाऱ्यावर वाळतो हे आपल्याकडं निम्म्या पब्लिकला घरूनच माहीत. हॉल डोक्यावर घेतला. हा मात्र गप्प, नजर मिरजकरावर. बॅटल तिथंच फिरली.

माझी सवय सांगतो. पंच पडला की माइक हनुवटीखाली घ्यायचा आणि समोरच्याकडं बघत राहायचं. आवाज उतरायला लागला की, पूर्ण विरायच्या आत, पुढची ओळ. ओळ गलक्यात बुडालीच तर सेटअपसकट, म्हणजे तिची तयारी करणाऱ्या आधीच्या ओळीसकट, परत घ्या. पण टाळी गृहीत धरून थांबू नका. ती आली नाही की त्या शांततेत तुमचा चेहरा वाचला जातो.

दुसरी चूक, भीक मागणं. "आवाज कुठंय सांगली? हात वर!" हे कॉन्सर्टमध्ये ठीक. १९८१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबात बिझी बी हा रॅपर असाच गर्दी खेळवण्यात वस्ताद होता. कूल मो डी हा दुसरा रॅपर त्याच्यानंतर स्टेजवर चढला आणि त्याच्या त्या ठरावीक आरोळ्यांचीच खिल्ली उडवत ओळीमागून ओळ टाकत गेला. त्या रात्रीचं नाव आजही निघतं, ते कूल मो डीसाठी. इकडं मात्र रील बघून आलेली पोरं मला "क्राउड कंट्रोलची ट्रिक" विचारतात. तीन राउंड न अडखळता पाठ आहेत का म्हटलं की गायब.

समोरचा बोलताना मोबाईलमध्ये आपल्या ओळी वाचणारे तर डोक्यात जातात. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात कलगीवाल्याचा सवाल तुरेवाला कान देऊन ऐकायचा, कारण जवाब त्यातूनच काढायचा असे. तुमचा रिबटल, म्हणजे समोरच्याच्या ओळीला दिलेलं उलट उत्तर, तोही तिथंच आहे.

माइकची जाळी मुठीत धरू नका, शब्द गिळले जातात आणि स्पीकर शिट्टी मारतो. आईबहिणीवरच्या शिव्यांना पहिल्यांदा हशा येतो, नंतर जांभई. विटा-इस्लामपूरच्या पोरानं मुंबईच्या टपोरीसारखं "अपुन" करू नये, ऐकवत नाही.

आणि मित्रांची टोळी पुढच्या रांगेत बसवू नका. ती "आलो रे" म्हटल्यावरही ओरडते, मग खऱ्या पंचला वेगळा आवाज उरतच नाही, आणि बाकीचं पब्लिक मुद्दाम समोरच्याच्या बाजूला जातं. आणायचीच असेल तर मागं विखरून उभी करा, आणि तोंड बंद ठेवायला सांगा.