दृश्य मानवशास्त्रात एमए करताय? मी केलेल्या या चुका टाळा

नाशकातल्या तांबट गल्लीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका काकांच्या दुकानात, पहिल्या दिवशी चार तास शूटिंग केलं. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर काकांचं एक वाक्य धड लागेना. घंगाळावर हातोडा पडला की आवाज फाटायचा. हातोडा थांबला की काका इतकं हळू बोलायचे की बाहेरच्या रिक्षाचा हॉर्नच मोठा. माइक चांगला होता, पण मी आवाजाची पातळी 'ऑटो'वर सोडली होती. ऑटो प्रत्येक ठोक्याला दचकून खाली जातो, मग हळूहळू वर चढतो, आणि वर पोचेपर्यंत पुढचा ठोका पडलेला असतो.

माणसांचं जगणं कॅमेरा आणि रेकॉर्डर हाताशी घेऊन अभ्यासायचं, हे दृश्य मानवशास्त्राचं थोडक्यात रूप. एमए मी इंग्लंडात केलं, प्रबंधाची फिल्म मात्र नाशकात केली. त्या वर्षी जे जे चुकलं ते इथे लिहितेय.

आवाज कॅमेऱ्यावर सोडू नका

पातळी हाताने लावा. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ठोका, घंटा, ढोल असं काही असेल तर त्यासाठी दुसरा रेकॉर्डर लांब ठेवा आणि त्याची पातळी बरीच खाली घ्या. हेडफोन शूटिंग चालू असताना कानावर हवा. मी तो गळ्यात अडकवून फिरायचे, फोटोत छान दिसतं. गोदाघाटावर वारा असतो, तिथे माइकला केसाळ टोपी घातली नाही तर नुसती फडफड ऐकत बसाल.

चित्राचंही एक दुखणं आहे. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर, दुकानात ट्यूबलाइट, आणि सगळा उजेड लपलपतोय. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा लपलप जाते. फोनवर शूट करत असाल तर आणखी एक खोड लक्षात ठेवा: फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज थोड्या वेळाने ओठांच्या मागेपुढे सरकायला लागतो. एडिटिंगला बसण्याआधी सगळ्या क्लिप स्थिर फ्रेमवेगात बदलून घ्या. आणि कार्डाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, त्याच रात्री. दमलो, उद्या करू, असं म्हणायचं नाही.

पंचांग न बघता विषय ठरवू नका

इंग्लंडातलं एमए साधारण वर्षभराचं. सप्टेंबरात सुरू, वसंतापर्यंत वर्ग, आणि प्रबंधाला मिळतो तो उन्हाळा, म्हणजे आपला पावसाळा. मी अर्जात मोठ्या हौसेने रंगपंचमीच्या रहाडी लिहिल्या होत्या. रहाडी म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले पेशवेकालीन हौद, त्यात धप्पकन पडणारी माणसं, रंगाचे लोट! पण रहाडी उघडतात फाल्गुनात, तेव्हा मी तिकडे निबंध लिहीत बसणार होते. द्राक्षांची काढणी, सप्तशृंगीची चैत्रातली यात्रा, सगळ्यांची हीच गत. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याची भातलावणी मिळेल, श्रावणात त्र्यंबकची ब्रह्मगिरी फेरी मिळेल. घाटावरचा विषय असेल तर गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्यावर तुम्ही कुठे जाणार, तेही आधी ठरवा. मला छपराखालचं, बाराही महिने चालणारं काम हवं होतं. तांबट गल्ली अशी सापडली, काही थोर दृष्टी वगैरे नव्हती.

आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा रामकुंडावरचे साधू हा विषय निम्म्या अर्जांत असेल. गर्दीत चित्रं भरपूर मिळतात, पण ज्याच्याकडे परत जाऊन दहा वेळा बसता येईल असा माणूस सहसा मिळत नाही. गुण त्या दहा खेपांना असतात.

अर्जातल्या निवेदनाबद्दल एवढंच सांगते, फाळक्यांपासून सुरुवात करू नका. ते १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले याचा मलाही अभिमान आहे, माझ्या पहिल्या मसुद्याची पहिली ओळ तीच होती. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. नमुना म्हणून संगीत चढवलेली ड्रोनची दृश्यंही पाठवू नका. कुणीतरी काम करतंय आणि तुम्ही तीन मिनिटं न हलता बघताय, असा एक अखंड शॉट पाठवा. अभ्यासक्रमही नीट वाचा. मँचेस्टर विद्यापीठातलं ग्रॅनडा सेंटर १९८७ पासून चालू आहे आणि तिथे फिल्म बनवण्यावर भर असतो; काही ठिकाणी लेखी प्रबंधाचं वजन जास्त असतं. मानवशास्त्र कधीच शिकला नसाल तर पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात त्याचा विभाग आहे, तोही पर्याय बघा.

फ्रेम साफ करू नका

ही माझी सगळ्यात मोठी चूक. काकांच्या मागे निळी प्लास्टिकची बादली होती, चहाचे कप विसळायची. तांब्याच्या लालसर उजेडात ती डोळ्यांत खुपायची, म्हणून मी ती रोज उचलून बाहेर ठेवायचे. भिंतीवरचं फायनान्स कंपनीचं कॅलेंडर उतरवलं. काकांचा टीशर्टही नको वाटला, "सदरा घालता का उद्या?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी ते लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दिवसभर हातोडा जपून चालवला, बाहीला काळं लागेल म्हणून.

वर्गात आम्ही १९२२चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा इनुइट लोकांवरचा माहितीपट चिरफाड करून पाहिला होता. उजेड यावा म्हणून इग्लू अर्धाच बांधलेला, बंदुकी वापरणाऱ्या माणसांच्या हाती जुने भाले दिलेले, आणि नायकाचं खरं नाव अलाकारियालाक. तेव्हा मी त्याच्या दिग्दर्शकाला, फ्लाहर्टीला, भरपूर नावं ठेवली होती.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी बादली उचलायला वाकले तर काका म्हणाले, "राहू दे गं पोरी. आमच्या घंगाळांना हिनंच तर घरी बसवलं." आणि मग तासभर बोलले. प्लास्टिक कधी आलं, मग स्टील, मग गिझर. कोणाची मुलं कुठल्या कंपनीत लागली. गल्लीत आता किती हातोडे उरले. तोवरचं सगळं शूटिंग सुंदर होतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच कामाचं नव्हतं.

संमतीपत्रावर एकदा सही घेतली की झालं, असंही समजू नका. कागद मराठीत करा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि फिल्म पूर्ण व्हायच्या आधी ती त्या माणसांना दाखवा. मी दुकानातच लॅपटॉप ठेवून दाखवली. काका शेवटपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, ते घंगाळाचं परत लाव. लावलं.

"आवाज हंड्याचा आहे," ते म्हणाले.

खरंच होता. पहिल्या दिवशीचा फाटका आवाज झाकायला मी दुसऱ्याच दिवसाचे ठोके त्या चित्राखाली चिकटवले होते. माझ्या मार्गदर्शकांनी ते दृश्य तीनदा पाहिलं होतं. पावसात भिजत घरी आले आणि रात्री ते सगळं काढलं.