अमोनिया ओळखणारी कापडी पट्टी: अंगावर घालायचा गॅस सेन्सर असा बनवा

बर्फाचे कारखाने, शीतगृहे, कोंबड्यांच्या शेड या सगळ्या ठिकाणी अमोनियाशी गाठ असते. नाक पहिल्यांदा बरोबर सांगते, पण थोड्या वेळात सरावते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि अल्पकाळाची ३५ पीपीएम होती. म्हणजे अंगावरच्या सेन्सरला साधारण ५ ते ५० पीपीएम हा पट्टा नीट वाचता आला पाहिजे.

बाजारात सहज मिळणारा एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर इथे चालत नाही. त्याच्या आतला हीटरच सुमारे ०.८ वॉट खातो, म्हणजे ५०० एमएएचची लिथियम बॅटरी दोन तासांत संपते. शिवाय तापलेला डबा छातीशी बांधायचा! त्यामुळे खोलीच्या तापमानाला काम करणारे पॉलिअॅनिलिन घ्यायचे. हे हिरवे, वीजवाहक पॉलिमर असते. अमोनिया लागला की त्याच्यातले प्रोटॉन निघून जातात, ते निळसर होते आणि त्याचा विजेला होणारा रोध वाढतो.

कापडावर थर

दाट विणीचे सुती पॉपलिन घ्या. होजिअरी नको, ती ताणली की रोध हलतो. कापडाची खळ पूर्ण निघाली पाहिजे: लिटरभर पाण्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा, मग डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या. खळ राहिली की थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो.

काम फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. अॅनिलिन विषारी आहे आणि कातडीतून शरीरात जाते. द्रव अॅनिलिनऐवजी अॅनिलिन हायड्रोक्लोराइडचे स्फटिक घ्या, हाताळायला सोपे पडतात.

५० मिलिलिटर पाण्यात १.३ ग्रॅम अॅनिलिन हायड्रोक्लोराइड विरघळवा. दुसऱ्या ५० मिलिलिटरमध्ये २.८५ ग्रॅम अमोनियम परसल्फेट. दोन्ही भांडी बर्फात ठेवा. कापड पहिल्या द्रावणात अर्धा तास भिजवून ठेवा आणि मग दुसरे द्रावण ओता. परसल्फेटचे प्रमाण वाढवू नका, पॉलिमर जास्त ऑक्सिडाइझ होऊन वाहकता जाते.

इथे घड्याळापेक्षा रंगाकडे लक्ष द्या. द्रावण आधी निळे होते, मग हिरवे. थर याच काळात चढतो. हिरवा रंग पक्का झाला की कापड बाहेर काढा. रात्रभर ठेवले तर वर भुकटी बसते आणि पुढे ती बोटाला लागत राहते.

धुताना नळाचे पाणी वापरले की हिरवे कापड डोळ्यांदेखत निळे पडते, कारण त्या पाण्यातला थोडासा अल्कलीपणाही प्रोटॉन काढायला पुरतो. धुवायला ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. उरलेले द्रावण आणि धुवण मोरीत न ओतता रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत जमा करा.

आता एक पायरी बरेच जण गाळतात. हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू उडून जाते आणि क्लोराइडमुळे धातू गंजतो. म्हणून कापड १ टक्का अमोनियाच्या पाण्यात बुडवून पूर्ण निळे करा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि मग १०० मिलिलिटर पाण्यात ३.८ ग्रॅम पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्लाच्या द्रावणात तासभर ठेवा. पुन्हा हिरवे होते. सावलीत वाळवा, इस्त्री नको.

जोडणी

१० × ४० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कापून कोऱ्या कापडावर शिवा. स्टीलच्या वाहक दोऱ्याने उलटी टीप घालून २० मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड करा आणि टाक्यांवर कार्बन पेस्टचा हात द्या. दोरा कापडाला नुसता टेकलेला असेल तर प्रत्येक हालचालीला आकडा उडतो. तिथून दोरा कोऱ्या कापडावरच्या टिचबटणांपर्यंत न्या. बटण हिरव्या भागाला लागू देऊ नका.

रोध ५ ते ५० किलोओहम आला तर ठीक. २०० च्या वर गेला तर थर पातळ आहे, दुसरा द्या.

दोन पट्ट्या कशाला? एक उघडी, दुसरी फॉइलच्या पाकिटात बंद (प्लास्टिकची बाजू आत). दोन्ही एकापाठोपाठ जोडून मधला व्होल्टेज वाचायचा. तापमान आणि वाकणे दोघींना सारखेच लागते, त्यामुळे बरेचसे कटून जाते. आर्द्रता मात्र कटत नाही, कारण ती फक्त उघड्या पट्टीपर्यंत पोचते. त्यासाठी शेजारी एसएचटी३१ हा आर्द्रता मोजणारा सेन्सर लावा. आर्द्रतेने पॉलिअॅनिलिनचा रोध उतरतो, म्हणजे अमोनियाच्या उलट. पावसाळ्यात गळती झाकली जाते ती अशी.

घाम तर याहून वाईट. त्यात क्षार असतात, आणि त्याचे पीएच अनेकदा एवढे असते की थेट लागला तर पट्टी निळसर पडते. अंगाकडच्या बाजूला टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) फिल्म हवी आणि बाहेरून ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांचा पीटीएफई (टेफ्लॉन) पडदा. हे दोन्ही पट्टीवर नाही, कडेच्या कोऱ्या कापडावर चिकटवा. जागा कॉलरजवळ किंवा खिशाच्या वर, काखेपासून लांब.

वाचनासाठी एनआरएफ५२८३२ हा ब्लूटूथवाला मायक्रोकंट्रोलर पुरतो. पट्ट्यांना सतत वीज न देता दर १० सेकंदांनी ५० मिलिसेकंद द्या, १६ वाचनांची सरासरी घ्या, आणि एडीसीचा (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा) संदर्भ पुरवठ्याच्या व्होल्टेजवरूनच घ्या. मग नाणे सेल उतरला तरी गुणोत्तर बदलत नाही.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी पट्टीचा आकडा जुळवणे. इथेच बहुतेकांचे आकडे फसतात. ५ लिटरची काचेची बरणी, आत छोटा पंखा. २५ टक्क्यांचा अमोनिया (घनता ०.९१) सुमारे १३.४ मोलर असतो. तो दहापट पातळ करा. २५ अंश तापमानाला २५ पीपीएमसाठी यातले ३.८ मायक्रोलिटर लागतात. शंभरपट पातळ करून ३८ मायक्रोलिटर टाकायचा मोह आवरा: एवढे पाणी बरणीतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास वाढवते आणि तुम्ही अमोनिया नव्हे, वाफ मोजता. दर वेळी तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्याची कोरी चाचणीही घ्या.

आर्द्रता ठरवायला संपृक्त मीठ (७५ टक्के) आणि मॅग्नेशियम क्लोराइड (३३ टक्के) वापरतात. पण ही द्रावणे अमोनिया पिऊन टाकतात. आर्द्रता स्थिरावली की वाटी झाकायची आणि मगच अमोनिया सोडायचा. काचही थोडा धरून ठेवते, त्यामुळे बरणीत खरे प्रमाण हिशेबापेक्षा कमीच असते. शक्य असेल तर अमोनिया ट्यूबने (रंग बदलून प्रमाण दाखवणाऱ्या नळीने) पडताळा.

५, १०, २५, ३५, ५० पीपीएम हे पाच बिंदू, दोन्ही आर्द्रतांना, चढत्या आणि उतरत्या क्रमाने घ्या. उतरताना पट्टी सावकाश सावरते आणि जुना आकडा पूर्ण परत येत नाही. प्रोग्रॅममध्ये आधाररेषा (स्वच्छ हवेतला आकडा) आपोआप सरकवत असाल तर रोध चढत असताना ते सरकणे थांबवा. नाहीतर हळू वाढणारी गळती आधाररेषाच गिळते. मासळीच्या वासातली अमाइनेही अशीच प्रतिक्रिया देतात, तेव्हा मासळीसाठी बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात खोटी वर्दी येणारच.

हे सगळे नमुन्यापुरते. प्रमाणित गॅस डिटेक्टरच्या जागी ही पट्टी लावू नका.

कपडे धुण्याआधी टिचबटणे काढून पट्टी वेगळी ठेवा. डिटर्जंट अल्कली असतो, पट्टी निळी करतो. ब्लीच तर थर कायमचा मारतो. निळसर पडलेली पट्टी शिवण उसवून, दोरा काढून, त्याच सल्फोनिक आम्लात दहा मिनिटे बुडवा, वाळवा, पुन्हा शिवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा.